मान उजवीकडे, चाक डावीकडे

फरशी बसवणाऱ्याकडे एक हातभर लांबीची पट्टी असते. तिच्या मधल्या काचनळीत पाणी आणि पाण्यात एक बुडबुडा. बुडबुडा बरोबर मध्यावर थांबला तर जमीन सपाट, नाहीतर उखडा आणि पुन्हा बसवा. या पट्टीला पाणसळ म्हणतात. ती जन्मभर काखेत घेऊन फिरणाऱ्या या म्हाताऱ्यालाही सगळे पाणसळच म्हणत.

पट्टी तो कुठेही ठेवी. लोकांच्या टेबलांवर, हॉटेलच्या बाकांवर, झोपलेल्या माणसाच्या कपाळावर. पोटाच्या ऑपरेशनसाठी दवाखान्यात भरती झाला तेव्हा खाट डावीकडे उतरती आहे म्हणून त्याने नर्सकडून खाटेच्या पायाखाली पुठ्ठा घालून घेतला आणि मगच भूल घेतली.

काम मात्र चोख. फरशीवाला खोलीत शिरतो तोंड पुढे करून आणि बाहेर येतो बूड पुढे करून, कारण ताज्या फरशीवर पाय ठेवायचा नसतो. समोरच्या भिंतीपासून दारापर्यंत, गुडघ्यांवर, मागे मागे. त्यामुळे घरमालकांनी पाणसळचं तोंड क्वचितच पाहिलं. त्यांची ओळख दुसऱ्या टोकाशी. जगातली माणसं दोन पायांवर आयुष्य काढतात. पाणसळने चारांवर काढलं, आणि तेही उलटं.

शेवटी गुडघे जुन्या दाराच्या बिजागऱ्यांसारखे वाजायला लागले. काम सोडलं त्या दिवशी गुडघ्यांना बांधायचे टायरचे तुकडे त्याने कचऱ्याच्या गाडीत फेकले आणि दारात उभं राहून जाहीर केलं, "आजपासून हा गुडघा जमिनीला लागणार नाही. मेल्यावर खाली ठेवाल तेव्हा पाठ लागेल. गुडघा नाही."

"बरं," बायको म्हणाली. "आता बाजूला व्हा, झाडायचंय."

तेव्हापासून तो एका उंच खुर्चीवर न्यायाधीशासारखा बसे. चमचा खाली पडला तर दुसरा चमचा मागे. चष्मा पडला तर कुणी येईपर्यंत जग अंधुक बघे.

खुर्चीतून तो बघत बसे ती त्याची स्वतःची फरशी. मोठमोठ्या इमारतींच्या कामांवर उरलेले, मालकांनी टाकून दिलेले दगडाचे तुकडे त्याने वर्षानुवर्षं जमवले होते. काळे, हिरवट, दुधी. ते जुळवून त्याने घरात जमीन घातली आणि अशी घोटली की तिच्यात बघून दाढी करता यावी. गुडघे धड होते तोवर तो खरंच करून दाखवी. पाहुण्यांना ते आवडत नसे.

तो अजून कामावर जात होता तेव्हाच या जमिनीवर त्याची नात आली. पोटावर पालथी पडायला लागली, हात टेकून उठायला गेली, आणि दोन्ही हात दोन दिशांना सटकून नाकावर आपटली. पुन्हा उठली, पुन्हा आपटली. लोण्यावर मांजर चालावं तसं चाललं होतं.

"चटई टाकते," आजी म्हणाली.

"माझ्या फरशीवर चटई? उद्या सूर्यावर छत्री धरशील."

"पोरीचं नाक फुटतंय."

"मग तिला खाली ठेवू नका."

तो कामावर गेला तरी हुकूम घरात राहिला. पोर या काखेतून त्या काखेत फिरली, मग चाकांच्या पांगुळगाड्यात बसली आणि वर्षाच्या आत थेट पायांवर उभी राहिली. म्हातारा दारोदार सांगत सुटला, "घराण्याच्या वाट्याचं रांगणं मी उरकून ठेवलंय. नातीला डायरेक्ट प्रमोशन."

या नातीला भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी टिकत नसे. खुर्चीत बसली की पाय खुर्चीच्या पायांभोवती वेलीसारखे गुंडाळी. वाचताना ओळ मध्यावर आली की हरवे आणि खालच्याच ओळीत उगवे. चेंडू फेकला तर तो नाकाला लागल्यावर तिला दिसे. शाळेतून दरवर्षी एकच शेरा येई: हुशार आहे, लक्ष नाही. पाणसळ म्हणे, "लक्ष नाही म्हणजे कष्ट नकोत. आळस. दुसरं काय?"

आळसाचं त्याला वावडं होतं. काम चुकलेलं त्याला चाले, उखडून पुन्हा करता येतं. अंगचोरी चालत नसे.

मग सायकलीचा प्रश्न आला.

नव्या वर्षापासून भिंगरीची शाळा कालव्यापलीकडे जाणार होती. चालत जायला लांब. बस शाळा भरून गेल्यावर येई. भिंगरीचा बाप ट्रकवर, आठवड्यातून एखादा दिवस घरी. आई दवाखान्यांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत, आणि तिची पाळी पहाटेची. त्या बाजूची सगळी मुलं सायकलने जात. भिंगरीने तेच करायचं, नाहीतर दुसऱ्या शहरात आत्याकडे राहायचं. आत्याच्या घराला शाळेची भिंत लागून होती.

"सायकल आली तर इथे, नाही आली तर आत्याकडे," सुनेने सांगून टाकलं. ती वाईट नव्हती. तिच्याकडे दुसरा रस्ता नव्हता.

भिंगरीला आत्याकडे जायचं नव्हतं. आत्या जेवताना बोलू देत नसे, आणि भिंगरी जेवताना गप्प बसली तर तिला घास गिळता येत नसे. पाणसळलाही तिने जायला नको होतं. त्याचं म्हणणं सबंध ऐकून घेणारं घरात तेवढं एकच माणूस होतं. हे तो बोलला नाही. तो म्हणाला, "सायकल म्हणजे काय मोठं! शिकवतो मी."

स्वतः तो सायकलीवर बसू शकत नव्हता. गल्लीत खुर्ची टाकून तो ओरडे. भिंगरी समोर बघून छान जाई. पण उजवीकडून कुणी हाक मारली, कुत्रं भुंकलं, दार वाजलं, की ती उजवीकडे मान वळवी आणि सायकल सरळ डावीकडच्या गटारात. पुन्हा बसवली. पुन्हा उजवीकडे बघितलं, पुन्हा डावीकडे गटार. म्हातारा चक्रावला. इतर पोरं जिकडे बघतात तिकडे घसरतात. ही जिकडे बघते त्याच्या उलट!

"नाचता येईना अंगण वाकडं," आजी दारातून म्हणाली.

हे ऐकताच पाणसळ उठला, पट्टी घेतली आणि गल्ली मोजायला लागला. बुडबुडा उजवीकडे, चढाच्या बाजूला सरकला. गल्ली खरंच गटाराकडे उतरती निघाली. "अंगण वाकडंच आहे!" तो विजयाने ओरडला. मग त्याने भिंगरीला उलट दिशेने आणलं, म्हणजे उतार उजवीकडे. उजवीकडून त्याने स्वतः हाक मारली. भिंगरीने उजवीकडे बघितलं आणि डावीकडे वळून चढावरून थेट भिंतीवर धडकली.

आता सायकल गुन्हेगार. हँडलला दोरी बांधून झाली. दोरीने हँडल वळेचना, मग भिंगरी समोर बघूनही पडायला लागली. शेवटी तो सायकल ढकलत दुरुस्तीवाल्याकडे गेला. दुरुस्तीवाल्याने पुढच्या चाकाला धरणारा चिमटा तपासला, चाक फिरवलं, हात पुसले.

"काका, चिमटा सरळ आहे. चाक गोल आहे. आता राहिली पोरगी."

सून मागे उभी होती. तिने ऐकलं. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून भिंगरीला घेऊन सरकारी दवाखान्यात निघाली. मागच्या इमारतीत मुलांच्या व्यायामाचा विभाग होता. पाणसळही गेला. त्याला तिथली फरशी बघायची होती.

फरशी भिकार निघाली. थेरपिस्ट बाई मात्र कामाची वाटली. बाह्या वर खोचलेल्या, आणि बोलायच्या आधी बघत होती. तिने एका पेनचं लाल टोपण भिंगरीच्या डोळ्यांसमोरून या कानापासून त्या कानापर्यंत नेलं. भिंगरीचे डोळे टोपणाबरोबर निघाले, नाकासमोर आले आणि तिथे त्यांनी टुणकन उडी मारली.

"वाचताना ओळ मध्यावर हरवते का गं?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?" भिंगरीने आईकडे संशयाने पाहिलं.

मग बाईंनी तिला हात आणि गुडघे टेकवून घोडा केलं. "हात ताठ ठेव." आणि दोन्ही तळव्यांत डोकं धरून हळूच उजवीकडे वळवलं. डावं कोपर मोडलं. घोडा डाव्या खांद्यावर कोसळला. पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"नाटक करतेय," पाणसळ म्हणाला. "हात ताठ ठेव ना गं! दम नाही का?"

"आजोबा, तिला ते थांबवता येत नाहीये."

"म्हणजे?"

बाईंनी स्टूल ओढलं. "मूल जन्मतं तेव्हा मेंदूचा वरचा भाग अजून नीट कामावर आलेला नसतो. तोवर शरीर काही चाली उपजत घेऊन येतं. तळहाताला काही लागलं की मूठ आवळायची. दचकलं की दोन्ही हात फाकायचे. मान उजवीकडे वळली की उजवा हात लांब करायचा, डावा दुमडायचा."

"ते कशाला?"

"मान वळली, हात लांबला, नजर हातावर पडली. हात म्हणजे काय, तो कुठवर पोचतो, याची डोळ्याला बहुतेक अशीच पहिली ओळख होते. पुढे काही महिन्यांत वरचा मेंदू ताबा घेतो आणि या चाली दाबून टाकतो. मग मान मानेचं काम करते, हात हाताचं. एखाद्या मुलात एखादी चाल थोडी शिल्लक राहते. हिच्यात राहिलीय. हिने उजवीकडे बघितलं की उजवा हात हँडल ढकलतो, डावा ओढतो. चाक कुठे जाणार?"

"डावीकडे," सून म्हणाली.

"गटारात," भिंगरी म्हणाली.

म्हाताऱ्याने हवेत हँडल धरून दोन्ही हात हलवून पाहिले. मग त्याचा चेहरा उजळला. "सेंटरिंग! स्लॅब ओतताना खाली फळ्या आणि टेकू लावतात, घट्ट झाला की काढून घेतात. हिचा एक टेकू काढायचा राहिलाय."

"तसं म्हणा," बाई म्हणाल्या. पुढे महिनाभर तो भेटेल त्याला सांगत होता की मोठ्या डॉक्टरांना जे सुचलं नाही ते आपण सुचवलं. बाई डॉक्टर नव्हत्या आणि त्यांनी काही मागितलंही नव्हतं.

सुनेने हातातल्या रुमालाची घडी घातली, उलगडली. "ही कधी रांगली नाही. त्यामुळे झालं का?"

पाणसळला अचानक छत बघावंसं वाटलं.

"ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "न रांगता चालणारी मुलं पुष्कळ असतात, बहुतेकांचं काही अडत नाही. माझा भाऊ रांगला नव्हता, आज क्रेन चालवतो. कशामुळे झालं ते सोडा. आता करायचं ते असं. रोज पोटावर, पालीसारखं सावकाश सरपटायचं. मग घोडा, मान वळवायची आणि हात ताठ ठेवायचे. अंगठा डोळ्यांसमोरून नेऊन नुसत्या नजरेने त्याच्या मागे जायचं. आणि सायकलीचा सराव वेगळा, तो सुटणार नाही. मी हमी देत नाही. काहींना फरक पडतो, काहींना फारसा नाही. घरातली जमीन गुळगुळीत असेल तर चटई घाला."

सून पहिल्यांदाच हसली. म्हाताऱ्याने पाणी मागितलं.

घरी आल्यावरही त्याची खात्री पटेना. अंगचोरीला लोक हल्ली काहीही नाव देतात, असं त्याचं मत होतं. शेजाऱ्यांच्या सुनेला नुकतंच मूल झालं होतं. संध्याकाळी तो तिकडे गेला.

"बाळ बघायला आलात, काका?"

"तपासायला."

पाळण्यात पोर उताणं पडलं होतं. पाणसळने त्याच्या तळहातावर आपलं बोट ठेवलं. बाळाने ते असं धरलं की सुटेना. "पकड आहे. याच्या हातात थापी द्या." मग त्याने बाळाची मान हळूच उजवीकडे वळवली. थोडा वेळ काही झालं नाही. आणि मग उजवा हात सरळ लांबला, डावा कोपरातून दुमडून कानाशी गेला, जणू कुणी तलवार उपसून उभं होतं. मान डावीकडे केली. तलवार डाव्या हातात.

म्हातारा बघत राहिला. हा आकार त्याने पाहिला होता. गल्लीत, रोज, सायकलीवर, गटारात जायच्या आधीच्या क्षणी.

खात्री आणखी पक्की करावी म्हणून त्याने खिशातला फरशी ठोकायचा रबरी हातोडा पाळण्याच्या दांड्यावर ठोकला. बाळाचे दोन्ही हात फाकले, तोंड उघडलं आणि घर डोक्यावर घेतलं. शेजाऱ्यांच्या सुनेने त्याला दंडाला धरून बाहेर काढलं. "तपासलंत ना? आता या!"

दारात आजी उभी होती. "काय, हात दाखवून अवलक्षण?"

तो आत गेला. खुर्चीत जाऊन बसला. अंगात दम नाही म्हणून जिच्यावर तो एवढे दिवस ओरडला, ती पोरगी रोज आपल्याच हाताशी कुस्ती खेळत होती. एका हाताने हँडल ढकलायचं, दुसऱ्याने ओढायचं, आणि तरी तिने सरळ जायचं. ओळ हरवायची आणि तरी धडा संपवायचा. वर्गातल्या एकाही पोराला एवढं काम नव्हतं. वर शेरा, लक्ष नाही.

आजीने दुसऱ्या दिवशी चटई आणली. एका व्यायामशाळेने टाकून दिलेली, रबरी, पोपटी, एका कोपऱ्याला कुत्र्याने चावलेली. ती काळ्या-दुधी फरशीवर पसरली गेली तेव्हा म्हाताऱ्याने भिंतीकडे तोंड केलं.

आता भिंगरी अडली. "मी नाही रांगणार. मी काय बाळ आहे?"

"बाई म्हणाल्या ना?"

"खिडकीतून गल्लीतल्या सगळ्या पोरी बघतील. चटई बघूनच चिडवतायत."

सून कामाच्या कपड्यात उभी होती, उशीर होत होता. "भिंगरे, आत्याला फोन लावू का?"

"लाव!" भिंगरी रडकुंडीला आली होती, पण नाक वर होतं. "मला रांगवून तुम्हाला मज्जा बघायचीय फक्त. आजोबा रांगले तर मी रांगेन."

ती हे सुरक्षित समजून बोलली होती. आजोबांचा गुडघा जमिनीला लागत नाही हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. आजी वळून बघायला लागली. सून बघायला लागली. म्हाताऱ्याने आधी खुर्चीचे दोन्ही हात धरले. मग एक सोडला.

खाली पोचायला त्याला बराच वेळ लागला. वाटेत तो खुर्चीला, आजीच्या पदराला आणि तीन पिढ्यांना शिव्या देत गेला. पहिला गुडघा टेकला तेव्हा असा आवाज झाला की भिंगरीने खुर्ची मोडली का बघितलं.

"बघतेस काय?" तो चारांवरून म्हणाला. "चल. कामाला लाग."

आणि पहिल्याच दिवशी भानगड उघडी पडली. पाणसळला पुढे रांगता येईना. एवढी वर्षं तो मागेच गेला होता. पुढे जायला लागला की हात अडखळत, गुडघे एकमेकांवर आदळत. मागे मात्र पाण्यासारखा जाई. "जाऊ दे," भिंगरी म्हणाली. "तुम्ही मागे जा, मी तुमच्या तोंडासमोर येते." असं ठरलं. म्हातारा बूड दाराकडे करून मागे सरके, नात समोरासमोर पुढे येई. खिडकीतल्या पोरी पहिले काही दिवस हसून हसून लोळल्या. मग एकीने विचारलं, "आम्ही येऊ?" पाणसळने नाही म्हटलं. कामाच्या जागी गर्दी नको.

पुढच्या भेटीला दोघांनी बाईंना करून दाखवलं. म्हातारा ठेक्यावरच्या कामासारखा झपाट्याने मागे गेला.

"आजोबा, घाई करताय."

"लवकर उरकतं."

"उरकायचं नाहीये. सावकाश केलं तर हाताला मानेचं ऐकू नकोस असं सांगता येतं. भरभर केलं की जुनी चाल मधून निसटते. पुन्हा करा. भिंगरी बरोबर करतेय, तुम्ही चुकताय."

भिंगरीला हे वाक्य इतकं आवडलं की ते तिने घरी, शाळेत आणि दुरुस्तीवाल्याला सांगितलं. पाणसळ पुन्हा करायला लागला. सावकाश करणं भयंकर निघालं. मांडी थरथरे, कपाळावरून घाम टपटप चटईवर. पण उखडा आणि पुन्हा बसवा, हे त्याला जन्मभराचं कळत होतं. भिंगरीचा हात मोडला की तो म्हणे, "उखड. परत." आधी हे तो ओरडून म्हणे, आता नुसतं म्हणे. स्वतःचं चुकलं तरी म्हणे. मान उजवीकडे, हात ताठ, श्वास. मान डावीकडे. मग त्याचा अंगठा तिच्या डोळ्यांसमोरून सावकाश जाई आणि तिचे डोळे नाकासमोर उडी मारायला आले की ती स्वतःच म्हणे, "उखड."

उठणं हा वेगळा कार्यक्रम. आजी एका बाजूला, भिंगरी दुसऱ्या बाजूला. "नवस बोलला होतात ना गुडघ्याचा?" आजी रोज विचारी.

"नवस नव्हता, विचार होता. विचार बदलतो."

"मग चटईबद्दलचा पण बदला. बरी दिसते."

"मरेपर्यंत नाही."

गल्लीत तो आता दोरी ताणून खडूची रेघ मारी. भिंगरी रेघेवरून सायकल आणी आणि तो उजवीकडून मुद्दाम हाक मारी. आधी ती रेघ सोडून गटारात जाई. मग नुसती रेघ सोडू लागली. मग चाक रेघेच्या आजूबाजूला डगमगायला लागलं. एके दिवशी डगमगलंही नाही, आणि दुसऱ्या दिवशी काहीच कारण नसताना ती गटारात गेली, हनुवटी फोडून घेतली. सुनेने रक्त पुसलं, औषध लावलं आणि आतून बॅग काढली. आत्या रविवारी येणार होती. सून कपडे घड्या घालून भरत गेली, भिंगरी बाजूला बसून बघत राहिली. ती गप्प बसली तेव्हा घर ओळखू येईना.

"शनिवारी पुलापर्यंत जाऊ दे," पाणसळ म्हणाला. "तिथे पडली तर मीच बॅगेला कुलूप लावतो."

"पुलावर पडली तर कालव्यात पडेल, बाबा."

"कठडा आहे. मी मोजलाय."

सुनेने हातातली घडी बॅगेबाहेरच ठेवली. मग म्हणाली, "मी बरोबर येणार. आणि तुम्ही हाक मारायची नाही."

शनिवारी दुपारी ते निघाले. भिंगरी पुढे सायकलीवर, मागे सून, त्याच्या मागे काठी टेकत म्हातारा. कालव्यावरचा पूल अरुंद, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढा. पलीकडे पोहायला निघालेल्या पोरांचा आरडाओरडा चालला होता. भिंगरी पुलावर चढली. पाणसळच्या तोंडात हाक आली होती, ती त्याने दाताखाली धरली. सुनेने त्याचा दंड धरला होता, आणि कोण कुणाला सावरत होतं ते सांगणं कठीण.

पुलाच्या मध्यावर भिंगरीने मान वळवली. कुणी हाक मारली नव्हती, कुत्रं भुंकलं नव्हतं. तिने उजव्या खांद्यावरून पार मागे बघितलं, आजोबांना शोधलं आणि जीभ काढून दाखवली. पुरती, मुळापर्यंत.

सुनेने डोळे मिटले. पाणसळने जीभ बघितलीच नाही. तो चाक बघत होता. चाक पुढे चाललं होतं, ताणलेल्या दोरीसारखं, कठड्याला धरून सरळ. धुळीत टायरचा पट्टा मागे उमटत होता आणि त्याला कुठेही बाक नव्हता.

पलीकडे पोचून भिंगरीला आठवलं की थांबायचं कसं ते कुणी शिकवलं नव्हतं. ती वाळूच्या ढिगात शिरली आणि उलटली.

"पडली," सून म्हणाली.

"पडली," पाणसळ म्हणाला. "पण सरळ पडली."

त्या संध्याकाळी बॅगेतले कपडे पुन्हा कपाटात गेले. सून एकेक घडी जरा जोरात ठेवत होती. श्रेय घ्यायला मात्र रांग लागली. दुरुस्तीवाल्याने सांगितलं, मी ब्रेकची तार बदलली तेव्हाच मला कळलं होतं. आजी म्हणाली, माझे टोमणे. बाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, रांगण्याने झालं की सरावाने की ती नुसतीच वाढली, हे मी शपथेवर सांगणार नाही, आणि वाचताना ओळ अजून हरवतेय, तेव्हा चटई गुंडाळू नका.

शेवटचं वाक्य म्हाताऱ्याने ऐकलंच नाही. आत्याला येऊ नकोस म्हणून कळवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. रविवारी ही लेक येणार म्हणून त्याने सकाळीच पोपटी चटई गुंडाळली, फरशी ओल्या फडक्याने पुसली, कोरड्याने घोटली आणि दाराकडे तोंड करून खुर्चीत बसला.

आत्या आली ती बोलतच. "बॅग भरलीय ना? मला उशीर नको, आणि गाडीत बडबड..." पुढचं पाऊल फरशीवर पडलं. पाय एकीकडे गेला, पर्स दुसरीकडे, दोन्ही हात पंख फुटल्यासारखे फाकले, तोंडाचा आ झाला आणि ती आजोबांच्या मांडीवर येऊन बसली.

 भिंगरीने आत्याचे फाकलेले हात नीट निरखून घेतले.

"आजोबा," ती म्हणाली, "आत्याचं पण सेंटरिंग राहिलंय."

आत्या एकटीच परत गेली. निघताना ती दारापर्यंत चटईवरूनच चालली. चटई आजीने म्हाताऱ्याला न विचारता पसरली होती, आणि म्हाताऱ्याने त्या वेळी भिंतीकडे तोंड केलं नाही. त्याला वेळ नव्हता. रांगायची वेळ झाली होती आणि खुर्चीचा एक हात त्याने आधीच सोडला होता.